कुत्रा कचऱ्याचा डबा उपसतो? या चुका टाळा

सांडलेल्या कचऱ्याशेजारी कुत्रा कान पाडून बसला की घरोघरी एकच वाक्य: "बघा, चूक कळलीय त्याला!" हे ऐकून माझे कान किटलेत. कळलेलं काही नसतं. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 सालच्या प्रयोगात तो पडेल चेहरा मालक रागावला की दिसायचा, मग कुत्र्यानं काही केलेलं असो वा नसो. डबा दुपारी उपसला आणि ओरडा संध्याकाळी पडला, तर कुत्रा एवढंच शिकतो की माणूस यायच्या आत गिळून मोकळं व्हावं.

इंदिरानगरात एका ओळखीच्या घरी नेमकं हेच झालं. घरची लॅब्रडॉर, आणि येताजाता तिला दटावणं. द्राक्षांचा हंगाम होता. नरम पडलेले घड डब्यात गेले आणि कुलपाचा आवाज येताच लॅब्रडॉरबाईंनी ते घाईघाईनं गिळले. रात्री उलट्या सुरू झाल्यावर मला फोन, "लिंबूपाणी देऊ का?" म्हटलं, आधी डॉक्टर गाठा. द्राक्षं-मनुक्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही, आणि त्रास कधीकधी एक-दोन दिवसांनी दिसतो. सलाइन लागलं, वाचली. त्यानंतर घरच्यांनी काय केलं असेल? डब्यावर वीट ठेवली! मुळात लॅब्रडॉरची भूक दांडगी. 2016 च्या एका संशोधनात जवळपास पाव लॅब्रडॉरमध्ये भूक भागल्याचा निरोप बिघडवणारा जनुकीय दोष आढळला होता. तिथे विटेचं काय चालणार?

पायानं उघडायचा डबा घेऊ नका. पाय कुत्र्यालाही आहेत.

डब्यावर तिखट भुरभुरवणं हा आळशी माणसाचा उपाय. नाक-डोळे चुरचुरतात, सवय तशीच राहते.

माझ्याकडे ओला कचरा सिंकखालच्या कपाटात असतो, दाराला लहान मुलांसाठी मिळणारं लॉक. शिजवलेली हाडं, आंब्याच्या कोयी, दाणे काढलेली कणसं आतड्यात अडकतात आणि कांदा-लसूण रक्ताला बाधतो, म्हणून हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, घंटागाडी येईपर्यंत फ्रीजमध्ये. घरचे नाक मुरडतात, मुरडोत. "चार दिवस बंद ठेवलं, तरी सुटत नाही" म्हणणाऱ्यांनी पाचव्या दिवशी दार उघडं ठेवलेलं असतं. महिन्यातून एकदा घबाड हाती लागलं तरी कुत्र्याला तेवढं पुरतं.

तोंडातलं ओढून काढू नका, तो आणखी पटकन गिळेल. पनीरचा तुकडा दाखवून "सोड" शिकवा, तेही एरवी, निवांत असताना.

फिरायला नेणं म्हणजे गेटपर्यंत लघवीला नेणं नव्हे. कंटाळलेला कुत्रा डबा उपसणारच.

आणि आयुष्यभर डब्याकडे ढुंकून न पाहिलेला म्हातारा कुत्रा एकाएकी कचरा खाऊ लागला, पाणीही जास्त प्यायला लागला, तर शिस्त लावत बसू नका. रक्त तपासून घ्या. मधुमेह किंवा कुशिंग्जचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणं) निघू शकतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.