ऑटोमॅटिक पिकअप मॅन्युअल करताना या चुका टाळा

पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी झाला आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून डोळे पांढरे झाले, की पुण्याच्या नाना पेठेत किंवा भोसरीच्या एखाद्या गॅरेजमध्ये ‘मॅन्युअल बसवून टाका’ असा सल्ला मिळतो. सल्ला अगदीच चुकीचा नाही. मात्र गिअरबॉक्स हा या कामातला सर्वांत सोपा भाग असतो आणि नेमका तेवढाच विकत आणून कामाला हात घालणे ही पहिली चूक ठरते.

टोयोटा हायलक्ससारखी गाडी दोन्ही प्रकारांत मिळते, त्यामुळे लागणारा प्रत्येक भाग तयार असतो. पण तो सुटा सुटा गोळा करण्यापेक्षा त्याच इंजिनाच्या, त्याच काळातील मॅन्युअल गाडीचा पूर्ण संच पक्क्या बिलासह घ्यावा. त्यात फ्लायव्हील (इंजिनाच्या मागे फिरणारी जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) व त्याचे बोल्ट, क्लच, पेडल-बॉक्स, पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणारे मास्टर व स्लेव्ह सिलिंडर, गिअरबॉक्सला खालून आधार देणारा मागचा क्रॉस मेंबर, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि वायरिंग हे सारे हवे. ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या पातळ फ्लेक्सप्लेटचे बोल्ट अनेकदा आखूड असतात. तेच फ्लायव्हीलला वापरले, तर आटे पुरेसे पकडत नाहीत.

कागदपत्रांचा विचार नट खोलण्यापूर्वी करावा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. त्यामुळे आपल्या आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. ‘आतून कुणाला दिसते?’ हा युक्तिवाद दाव्याच्या वेळी महागात पडू शकतो.

सर्वाधिक डोकेदुखी होते ती पायलट बेअरिंगमुळे. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक अनेक इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागील छिद्रातल्या या बेअरिंगवर फिरते. ऑटोमॅटिकला त्याची गरज नसल्याने ते तिथे नसते आणि काही इंजिनांत ते छिद्र पूर्ण मापाचे मशीन केलेलेही नसते. म्हणून गिअरबॉक्स चढवण्याआधी व्हर्नियरने छिद्राचा व्यास व खोली मोजावी. शाफ्ट आत जात नाही म्हणून बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडला जाणारा घंटेसारखा भाग) बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून बसवण्याचा प्रयत्न मी पाहिला आहे. त्यात बेलहाउसिंगचा कान तुटला आणि क्लच प्लेटचा हबही वाकला. गिअरबॉक्सचे वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नये. सगळे उघडलेच आहे, तर क्रँकचे मागचे ऑइल सील बदलावे, कारण तेल झिरपून नवी क्लच प्लेट खराब झाली, तर हेच काम पुन्हा करावे लागते.

इलेक्ट्रिकलमध्ये आडवाट धरू नये. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’चा (न्यूट्रल) संकेत मिळाल्याशिवाय स्टार्टर फिरवू देत नाही. तिथे दोन वायरी कायमच्या जोडून टाकल्या, तर गिअरमध्ये उभी असलेली गाडी चावी फिरवताच पुढे झेपावते. त्याऐवजी क्लच पेडलचा स्विच बसवावा. नव्या गाड्यांत इंजिनाचा ईसीयू (नियंत्रण करणारा संगणक) गिअरबॉक्सच्या मॉड्यूलशी सतत बोलत असतो. तो संवाद तुटला, की चेक लाइट लागतो आणि गाडी ताकद रोखून धरते. मॅन्युअलचे प्रोग्रॅमिंग कोण करून देणार, हे काम सुरू होण्याआधी ठरलेले असावे.

काम झाल्यावर इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण सुरू असताना कर्रकर्र आवाज येतो, अशी तक्रार असेल, तर गिअरबॉक्सला दोष देऊ नये. याचा अर्थ क्लच पूर्ण सुटत नाही. आधी हायड्रॉलिकमधली हवा काढावी, मग पेडल दाबताना मास्टर सिलिंडर बसलेला पत्रा लवतो का ते पाहावे. त्यानंतरच उलटी बसलेली क्लच प्लेट किंवा जाम झालेले पायलट बेअरिंग यांचा संशय घ्यावा. ठरावीक वेगाला थरथर जाणवत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टची लांबी व कोन तपासावा. तेल मात्र गिअरबॉक्सच्या पुस्तकात सांगितलेलेच घालावे. जीएल-4 दर्जाच्या गिअर तेलाच्या जागी सरसकट जीएल-5 घातल्यास पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) त्रास होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. ‘पी’ आता उरलेला नसतो, त्यामुळे गाडी थांबवून धरण्याचा भार हँडब्रेकवर येतो. मालासह पुण्याजवळच्या दिवे घाटात जाण्यापूर्वी त्याची केबल आणि मागचे लायनर सुरक्षित उतारावर, चाकाला ठोकळा लावून तपासून घ्यावेत.