एन्चिलाडा फाटतो, लगदा होतो? या चुका टाळा

एन्चिलाडा म्हणजे मक्याची पातळ मेक्सिकन पोळी, म्हणजे टॉर्टिया, मिरचीच्या सॉसमध्ये बुडवून, सारण भरून केलेली गुंडाळी. तो बिघडला की दोष सारणाला नाहीतर चीजला दिला जातो. गडबड मात्र बहुतेकदा आधीच, टॉर्टिया सॉसमध्ये बुडवण्यापूर्वीच झालेली असते.

गुंडाळताना टॉर्टिया फाटत असेल तर पीठ बघा. गिरणीतल्या साध्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया दुमडली की तडकणारच. मक्याची भाकरी थापणाऱ्यांना हे सांगायला नको. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवतात, साल चोळून काढतात आणि मग वाटतात. त्या चुन्यामुळेच पीठ धरून राहतं. ते वाळवलेलं पीठ ‘मासा हरीना’ म्हणून मिळतं, तेच घ्या. मैद्याची टॉर्टिया फाटत नाही, पण सॉसमध्ये गिळगिळीत होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तेलाची पायरी गाळणं. पसरट तव्यात थोडं तेल चांगलं तापवा आणि टॉर्टिया दोन्ही बाजूंनी जेमतेम दहा-दहा सेकंद परता. ती मऊ, लवचीक असतानाच काढा. कुरकुरीत झाली तर गुंडाळताना मोडेल. तेलाचा पातळ थर बसला की सॉस पटकन आत शिरत नाही. तेल कोमट असेल तर मात्र टॉर्टियाच तेल पिते. आदल्या दिवशीची टॉर्टिया यासाठी उत्तम, तिच्यात ओल कमी असते. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात क्रम उलटा असतो: आधी मिरचीच्या सॉसमध्ये बुडवून मग तळतात, सोबत बटाटा आणि गाजर. तळणं तिथेही चुकवत नाहीत.

सॉस कडू झाला? मिरच्या करपल्या. ग्वाहिल्यो आणि आंचो या सुक्या मिरच्यांचे देठ-बिया काढून तव्यावर काही सेकंदच फिरवा. काळी पडलेली मिरची सरळ टाकून द्या, साखरेने तो कडवटपणा झाकला जात नाही. मग गरम पाण्यात भिजवून लसूण-कांद्याबरोबर वाटा, गाळा आणि तेलात रंग गडद होईपर्यंत परता. हे परतणं राहिलं तर कच्चट वास जात नाही. ब्याडगी वापरली तर रंग छान येतो, पण आंचोचा मनुकेसारखा गोडवा येत नाही.

वर पिवळ्या चीजचा जाड थर देऊन ओव्हनमध्ये भाजणं ही टेक्सासकडची पद्धत. एन्चिलाडाच्या ‘सुइसास’ प्रकारात क्रीम आणि वितळणारं चीज असतंच, पण एरवी भुसभुशीत ताजं चीज आणि कच्चा कांदा भुरभुरवला की पुरे. सारणही दीड-दोन चमचेच भरा, जास्त भरलं की फाटतो. मेक्सिकोतल्याच सान लुईस पोतोसीत तर मिरची पिठातच मळतात आणि करंजीसारखं दुमडून तळतात. तिथे वरून सॉस ओतायची गरजच नसते.

पाहुणे येणार असतील तर सॉस गरम ठेवा, सारण आणि कांदा तयार ठेवा, टॉर्टिया मात्र मंडळी पानावर बसल्यावरच बुडवा.