पानाच्या कडेने धावणारी शीर: जंबुल कुळातली झाडं कशी ओळखायची

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सोडून जांबोटी, कणकुंबीकडे निघालं की ‘जांभूळ’ म्हणून दाखवली जाणारी झाडं एका जातीची राहत नाहीत. काही खरोखर जांभळाची भावंडं असतात, काही नुसती नावाची. कन्नड बोलणाऱ्या गड्याने ‘नेरळे’ म्हणून दाखवलेल्या झाडाचंही तसंच. फुलं आणि फळं मिळून वर्षातले मोजके आठवडे हाती लागतात. पानं मात्र बारा महिने झाडावर असतात, म्हणून ओळख पानाच्या शिरांवरून करायला शिकलेलं बरं.

या कुळाचं शास्त्रीय नाव मिर्टेसी, मराठी ग्रंथांत जंबुल कुल. आपल्या रानातली त्याची बहुतेक झाडं सिझिजियम या एकाच प्रजातीतली, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातली आहेत. जुन्या पुस्तकात जांभूळ ‘युजेनिया जांबोलाना’ नावाने सापडेल. हल्लीचं नाव ‘सिझिजियम क्युमिनी’, ते १९१२ साली पडलं. झाड एकच, तेव्हा नावांच्या फरकाने गोंधळू नका.

आता मुख्य खूण. बहुतेक झाडांच्या पानात मधल्या शिरेतून फुटलेल्या शिरा कडेकडे जाता जाता वर वळून विरतात, नाहीतर थेट कडेच्या दातऱ्यात शिरतात. जंबुल कुळात त्या कडेपर्यंत पोचत नाहीत. थोडं अलीकडे, कडेला समांतर धावणाऱ्या एका बारीक शिरेला त्या जाऊन मिळतात. सदऱ्याच्या कॉलरला कडेपासून किंचित आत टीप मारलेली असते, अगदी तशी ती दिसते. तिला कडेची शीर म्हणू.

ती बघायला लागणारं सामान थोडं आहे: दहापट मोठं दाखवणारं भिंग, १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी आणि मोबाइलचा टॉर्च. फांदीच्या टोकाकडून तिसऱ्या-चौथ्या जोडीतलं पान घ्या. टोकाची लालसर कोवळी पालवी मोजमापाला चालत नाही, कारण शिरांमधलं अंतर पान वाढेल तसं वाढतं. बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांची पानंही नकोत, ती अवाढव्य असतात आणि त्यांची मापं झाडाच्या इतर पानांशी जुळत नाहीत. एका झाडाची निदान पाच पानं बघावीत. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र काही तोडायचं नाही, फांदी हाताने वाकवून जागेवरच बघायची.

पान उताणं नाही, पालथं धरा, म्हणजे खालची बाजू डोळ्यांकडे. मागून टॉर्च लावा. जांभळाचं पान असेल तर आधी मधली पिवळट जाड शीर दिसते, मग तिच्यापासून निघालेल्या दाट समांतर रेषा. त्या इतक्या जवळजवळ असतात की पहिल्या नजरेला पान नुसतं रेघाळलेलं वाटतं. आता नजर कडेकडे सरकवा. कडेपासून साधारण १ मिलिमीटर आत ती टीप सापडेल. साध्या डोळ्यांनी दिसली नाही तर भिंगाने पानाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात शोधा, टोकाला आणि देठाकडे ती फार बारीक होते. तेवढ्याच उजेडात हिरव्यात टाचणीने टोचल्यासारखे उजळ ठिपकेही दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. जून, चिवट पानात त्या दिसत नाहीत, तेव्हा फक्त ठिपक्यांसाठी एक कोवळं पान वेगळं बघावं. पानावर वर आलेल्या पुटकुळ्यांना मात्र ग्रंथी समजू नका. जांभळावर कीड लागली की तशा गाठी येतात.

शीर सापडली म्हणजे काम संपलं असं नाही. इथेच लोक घसरतात. कडेची शीर इतर कुळांतही असते, म्हणून आणखी चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. पानं फांदीवर समोरासमोर जोडीने हवीत. कड सलग हवी, दातरे नकोत. देठ मोडल्यावर चीक येता कामा नये. आणि पान चुरगाळल्यावर वास यायला हवा. जांभळाचा वास टर्पेंटाइनच्या जवळचा, थोडा उग्र. पाचांपैकी एक जरी खूण बसली नाही तरी थांबा आणि पुन्हा बघा.

फसवणारी झाडं याच कसोटीवर उघडी पडतात. बकुळीच्या पानात बारीक समांतर शिरा आणि कडेची शीर दोन्ही असतात, पण पानं एकाआड एक येतात आणि देठातून चीक निघतो. शहरातल्या बागांमधून लावलेला बेंजामिना हा वडाच्या जातभाईंपैकी, त्याचंही तसंच. उंडी आणि ओढ्याकाठची इरई यांची पानं समोरासमोर असल्यामुळे जास्त फसवतात. त्यांच्या शिरा जांभळाहूनही दाट, आणि मधल्या शिरेशी जवळपास काटकोन करून निघालेल्या. मात्र कडेला टीप स्पष्ट नसते आणि देठ मोडताच चिकट चीक येतो. अंजनीचं पान जाड, समोरासमोर, चीक नसलेलं. पण उजेडात धरलं तरी बाजूच्या शिरा जेमतेम दिसतात, ठिपके नाहीत, वासही नाही. माकडलिंबाला तेलाचे ठिपके भरपूर, पण पानं एकाआड एक, वास लिंबाचा आणि फांदीला काटे.

पारजांभूळ तर नावानेच फसवतं. ते ऑलिव्हच्या कुळातलं. पानं समोरासमोर असली तरी बाजूच्या शिरा मोजक्या आणि दूरदूर, कडेला बहुधा विरळ दातरे, आणि कडेची शीर नाही. कुंभ्याचं उलटं झालं: जुन्या ग्रंथांनी त्याला जंबुल कुळात धरलं होतं, आता त्याला वेगळ्या कुळात ठेवतात. त्याची मोठी पानं फांदीच्या टोकाला एकाआड एक गर्दी करतात आणि कडेला बारीक दातरे असतात, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही.

निलगिरी या कुळातली असूनही वरचा नियम मोडते. कोवळ्या रोपाची पानं समोरासमोर, मोठ्या झाडाची एकाआड एक आणि खाली लोंबणारी. कडेची शीर मात्र पक्की. ती, पेरू आणि घंटेच्या आकाराचं फळ देणारा जाम ही आपली रानटी झाडं नव्हेत, बाहेरून आलेली. तरी सरावाला सर्वांत आधी परसातला पेरूच घ्यावा. त्याच्या बाजूच्या शिरा प्रत्येक बाजूला १२ ते १५, वरच्या बाजूने खोल गेलेल्या, खालून बोटाला लागणाऱ्या आणि लवदार. कोवळी फांदी चौकोनी असते.

कूळ ठरलं की जात ठरवायला शिरांमधलं अंतर कामाला येतं. पट्टी मधल्या शिरेला लावून, पानाच्या मध्यावर एका बाजूच्या १ सेंटिमीटरमध्ये किती शिरा निघतात ते मोजा. जांभळात दोन शिरांमधलं अंतर १ ते २ मिलिमीटर, म्हणजे सेंटिमीटरला पाच ते दहा. गोल, गुलाबासारख्या वासाचं फळ देणाऱ्या बागेतल्या जांबाला ७ ते १० मिलिमीटर, म्हणजे सेंटिमीटरला एक किंवा दोनच. त्याची कडेची शीरही कडेपासून २ मिलिमीटर आत असते. बाजारात घंटेच्या आकाराचं फळ येतं, त्या जामात ती सुमारे ५ मिलिमीटर आत सरकते आणि तिच्याबाहेर आणखी एक बारीक शीर असते. मोजताना एक चूक हमखास होते: दोन मुख्य शिरांच्या मधली अर्धवट, बारीक शीरही मोजली जाते. मधल्या शिरेतून निघून कडेच्या शिरेपर्यंत पोचणारीच मोजा.

रानातल्या भावंडांत मात्र शिरा सगळ्यांच्याच दाट आणि बारीक, तिथे नुसत्या अंतराने निभत नाही. देठ आणि टोक बघावं लागतं. जांभळाचा देठ १ ते २ सेंटिमीटर लांब. सिझिजियम झेलॅनिकमचा अर्धा सेंटिमीटरच्या आसपास, पान लहान, टोक शेपटीसारखं निमुळतं, नवी पालवी लाल आणि फळ पांढरं. सिझिजियम कॅरिओफायलॅटमचा देठही आखूडच, पण पान टोकाकडे रुंद होत जाऊन बोथट गोल संपतं, फळ पिकून काळपट जांभळं होतं. ‘भेडस’ हे नाव गावागणिक या दोन्हींपैकी कुणालाही देतात, म्हणून वहीत स्थानिक नावाबरोबर पानाचं टोक कसं आहे ते लिहून ठेवावं. नदी-ओढ्याच्या पात्रातच, दगडांत वाढलेलं, वाळुंजासारख्या लांबट अरुंद पानांचं जांभूळ दिसलं तर ते सिझिजियम सॅलिसिफोलियम. मलप्रभेच्या वरच्या अंगाला, ओढ्यांच्या काठाने चालताना त्याच्याकडे लक्ष ठेवा. अथणी, गोकाककडच्या कोरड्या भागात बांधावर किंवा विहिरीपाशी दिसतं ते बहुधा साधं जांभूळच.

शंका राहिली तर पान वाळवा. ताज्या जाड पानात न दिसणाऱ्या शिरा वाळल्यावर उठून येतात. जुन्या वर्तमानपत्रात पान ठेवून वर वजन द्या, पहिले चार दिवस कागद रोज बदला, आठ-दहा दिवसांत पान तयार होतं. कणकुंबीच्या पावसात कागद दिवसातून दोनदा बदलला नाही तर बुरशी धरते आणि शिरांऐवजी काळे डाग मोजायची वेळ येते.

नुसती जाळी हवी असेल तर १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून पानं मंद आचेवर उकळा. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला सोडा खातो. खाण्याचा सोडा फार सौम्य पडतो. जांभळाच्या चिवट पानाला दोन तास तरी लागतात, दर अर्ध्या तासाने एक पान काढून बोटाने दाबून बघा आणि आटलेलं पाणी भरत राहा. हातात रबरी मोजे असावेत, खिडकी उघडी असावी. मऊ झालेलं पान साध्या पाण्यात दोनदा धुऊन ताटलीत पसरा आणि जुन्या मऊ टूथब्रशने मधल्या शिरेकडून बाहेर थोपटत गर काढा. घासलंत तर पहिली फाटते ती कडेची शीर, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असते. पान फार शिजलं तर थोपटतानाही ती सुटून येते, म्हणून एका वेळी पाच-सहा पानं टाकून वेगवेगळ्या वेळी काढावीत.