पारेंझाना: जुन्या रेल्वेमार्गावरून इस्त्रियाची सायकल सफर कशी करावी

‘रेल्वेचा जुना मार्ग आहे म्हणजे सपाटच असणार, कुठलीही सायकल चालेल.’ पारेंझानाबद्दल हा सल्ला देणाऱ्याने बहुधा नुसता नकाशा पाहिलेला असतो. चढ खरंच सौम्य आहेत, मोटारींचा त्रासही जवळपास नाही. पण इथे माणसाचा घाम काढते ती खडी. ती ध्यानात घेऊन तयारी केलीत तर युरोपातल्या द्राक्षमळ्यांमधून जाणारी इतकी निवांत वाट दुसरी सापडणं कठीण.

आधी थोडी ओळख. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत, १९०२ साली, आजच्या इटलीतल्या त्रिएस्तेपासून क्रोएशियातल्या पोरेचपर्यंत, इस्त्रिया या द्वीपकल्पातून, पारेंझाना नावाची १२३ किलोमीटरची अरुंद रेल्वे सुरू झाली. रुळांमधलं अंतर ७६० मिलिमीटर, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानच्या ६१० पेक्षा थोडं जास्त. १९३५ मध्ये ती बंद पडली. आज तोच मार्ग सायकलवाट म्हणून इटलीच्या टोकापासून स्लोव्हेनियातून क्रोएशियात उतरतो. तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने एकच व्हिसा पुरतो. क्रोएशिया २०२३ च्या १ जानेवारीला शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवशी तिथे युरोही सुरू झाला. तरी पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका, सीमेवर अधूनमधून तपासणी असते.

कधी जावं

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या पट्ट्यात सावलीला झाड सापडत नाही. सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी चालू असते आणि त्याच सुमारास पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीचा, हंगामही उघडतो. हिवाळ्यात जायचा मोह झाला तर बोरा हा इथला थंड, सोसाट्याचा वारा आठवा: १९१० साली मुज्जाजवळ त्याने या मार्गावरची आख्खी गाडी उलटवली होती.

कुठून कुठे

उत्तरेकडून दक्षिणेकडे, शेवट पोरेचला.  स्लोव्हेनियातला भाग बहुतेक डांबरी आणि सोपा आहे: कोपेर ते इझोला समुद्राकाठचा रस्ता आता मोटारींना बंद, पुढे दोन बोगदे, पोर्तोरोझ, मग सेचोव्ल्येची मिठागरं. सीमेपासून बुयेपर्यंत मात्र काही ठिकाणी मोटारींच्या रस्त्यावर यावं लागतं. वेळ कमी असेल तर सरळ बुयेपासून सुरुवात करा. खरी सफर तिथूनच आहे.

सायकल आणि टायर

इथे घाई करू नका. सायकल तिथेच भाड्याने घ्या, पण दुकानदार जी पुढे करेल ती घेऊन निघू नका. टायर किमान ४० मिलिमीटर रुंद हवा, ४५ असेल तर उत्तम. रोडबाईकचे २८ चे टायर क्रोएशियातल्या खडीवर तुम्हाला आणि सायकलीला दोघांनाही रडवतील. सस्पेन्शन नसलं तरी चालतं, रुंद टायरला पर्याय नाही.

त्याहून महत्त्वाची हवा. भाड्याच्या सायकलींत ती हमखास दगडासारखी टणक भरलेली असते, कारण तशी सायकल दुकानाबाहेरच्या डांबरावर छान पळते आणि गिऱ्हाईक खूश होतं. खडीवर तोच टायर प्रत्येक दगडावरून उडतो, पकड सुटते आणि संध्याकाळपर्यंत तळहात बधिर होतात. साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस, मागे दोन पिशव्या आणि ४० ते ४५ चा टायर असेल, तर पुढे ३५ आणि मागे ४० पीएसआयच्या आसपास ठेवा. गेज नसेल तर अंगठ्याने टायर जोरात दाबून बघा, थोडा तरी आत गेला पाहिजे. सायकलीवर बसल्यावर मागचा टायर खाली किंचित फुगलेला दिसला तर बरोबर. फारच हवा सोडलीत तर रिम दगडावर आपटून ट्यूब दोन ठिकाणी कापली जाते, म्हणून ३० च्या खाली जाऊ नका. पंप आणि दोन ट्यूब जवळ हव्यातच. वाटेत सायकलचं दुकान लागेल या भरवशावर राहू नका.

सामान मागच्या कॅरियरवर, खाली आणि घट्ट. पाठीवर सॅक घेऊन खडीवर उतरणं हा मूर्खपणा आहे, मग तो कितीही रुबाबदार दिसो.

ग्रोझन्यान ते लिवादे: जपून उतरायचा टप्पा

बुयेहून ग्रोझन्यानपर्यंत हळूहळू चढत २९३ मीटरवर पोचता. हा संपूर्ण मार्गाचा माथा. गाव दगडी, कलाकारांचं, दर दुसऱ्या दारात चित्रं. तिथे कॉफी घ्या, कारण पुढे मिर्ना नदीच्या खोऱ्यात, लिवादेपर्यंत, वीसेक किलोमीटरचा उतार आहे.

सगळे सांगतात, ‘आता काय, सायकल सोडून द्या.’ मी सांगतो, अजिबात सोडू नका. हा उतार फसवा आहे तो सौम्य असल्यामुळेच. आगगाडीसाठी बांधलेली वाट, त्यामुळे छातीत धडकी भरेल असं काही समोर येत नाही. ब्रेक धरायची गरजच वाटत नाही. वेग हळूच पंचवीसवर जातो, मग तिशीवर, आणि तेवढ्यात अरुंद रेल्वेचं आवळलेलं वळण येतं. वळणाच्या बाहेरच्या कडेला चुनखडीची सुटी खडी साचलेली असते. वाटेच्या मधोमध चाकांच्या दोन घट्ट पांढऱ्या चाकोऱ्या, त्यांच्यामध्ये गवत, आणि कडेला ही मण्यांसारखी घरंगळणारी खडी. पुढचं चाक त्या कडेत शिरलं की हँडल तुमचं ऐकत नाही. इथे भलेभले आडवे झाले आहेत, मीही त्यातलाच.

म्हणून नियम एकच: ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. वीसच्या वर वेग जाऊ देऊ नका. चाकोरी धरा, आणि ती बदलायचीच असेल तर सरळ पट्ट्यात बदला. मागचा ब्रेक मुख्य, पुढचा फक्त दोन बोटांनी हलका. पेडल आडवी ठेवा, बूड सीटवरून किंचित उचला, कोपर सैल. नजर चाकासमोर नाही, पुढच्या वळणावर. हँडल घट्ट आवळलंत की सायकल जास्तच थरथरते. तिला थोडं हलू द्या, ती आपली वाट शोधते.

बोगद्यांत शिरण्याआधी गॉगल काढा. उन्हातून आत गेल्यावर पहिले काही क्षण काहीच दिसत नाही आणि खाली ओल असते. दिवे असतातच असं धरून चालू नका, स्वतःची बत्ती लावा. पाऊस होऊन गेला असेल तर आणखी सांभाळा: या भागाची करडी चिकणमाती टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते आणि चाकच फिरेनासं होतं. ती काडीने काढावी लागते. किनाऱ्याकडच्या लाल मातीत इतका ताप नाही.

या उतारावर थांबायच्या जागा भरपूर आहेत आणि थांबावंच: झावर्श्येजवळचा दगडी पूल, ओप्रताल्यची वेस, आणि खोऱ्यापलीकडे टेकडीवर बसलेलं मोतोवुन. फलकांवर गावांची नावं क्रोएशियन आणि इटालियन अशी दोन्ही असतात. मोतोवुन म्हणजेच मोंतोना, गोंधळू नका.

लिवादे ते पोरेच

लिवादे ट्रफलचं गाव. १९९९ मध्ये याच परिसरात १.३१ किलोचा पांढरा ट्रफल सापडला आणि तेव्हा तो जगातला सर्वांत मोठा ठरला. इथे ‘फुझी’ हा घरगुती पास्ता ट्रफल घालून खा. शाकाहारी असाल तर ‘मानेश्त्रा’ नावाचं सूप मागवण्याआधी विचारा, त्यात बऱ्याचदा डुकराचं हाड उकळलेलं असतं.

मोतोवुनचं जुनं गाव मार्गावर नाही, वर आहे. सामानासकट त्या रस्त्यावर चढायची हौस नको. सायकल खाली मुक्कामाच्या जागी कुलूप लावून ठेवा आणि पायी जा. तटावरून खालचे मळे बघायला संध्याकाळची वेळ चांगली.

वाईनबद्दल माझं मत ठाम आहे: दुपारी मलवाझिया, तीही पाव लिटरच्या पुढे नाही, आणि तेरान रात्रीसाठी. मलवाझिया पांढरी, हलकी, तिथल्या उन्हात चालून जाते. तेरान लाल, आंबटसर आणि जड. ती दुपारी पिऊन खडीवर जाणाऱ्याला मी सोबत घेत नाही. ‘कोनोबा’ म्हणजे गावातली खाणावळ. तिथली सुटी वाईन बाटलीबंद वाईनपेक्षा स्वस्त आणि बहुतेक वेळा तितकीच चांगली.

लिवादेहून विझिनादापर्यंत पुन्हा चढ. हलका गियर, बसूनच पेडल मारा. उभे राहिलात की खडीवर मागचं चाक जागीच फिरतं. मधल्या २२२ मीटरच्या मोतोवुन बोगद्यात उन्हापासून सुटका मिळते. पाणी दोन लिटर बरोबर असू द्या, गावांमधल्या पट्ट्यात दुकान नाही. विझिनादानंतर उतार मोकळा, मग विश्न्यान, मग समुद्र.

परतीचं आधी ठरवा

पोरेचला आज रेल्वे नाही. बसमध्ये सायकल घ्यायची की नाही हे बरेचदा ड्रायव्हरच्या मर्जीवर, आणि उन्हाळ्यात डिकी प्रवाशांच्या बॅगांनीच भरलेली असते. म्हणून सायकल घेतानाच ती पोरेचला परत करता येईल का ते विचारा, किंवा सामान-सायकल पोचवणारी गाडी आधीच ठरवा. स्वतःची सायकल असेल तर पाझिनपर्यंत पेडल मारत जा. साधारण तीसेक किलोमीटर, पण रस्ता मोटारींचा. तिथून इस्त्रियाच्या आतली रेल्वे मिळते. गाड्या मोजक्याच आहेत, वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा.

एक दिवस हाताशी उरला तर तो पोरेचच्या सहाव्या शतकातल्या युफ्रेशियन बॅसिलिकाला, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चला, द्या. सोन्याची मोझाइक सकाळी, गर्दी व्हायच्या आधी बघा. सायकल चौकाबाहेरच लावा, आतल्या फरसबंदीवरचे दगड झिजून काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत.