विकी नव्या जागी हलवताना

विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहायचे संकेतस्थळ. असे विकी उभारायला जागा देणारी विकीस्पेसेस ही सेवा २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हा शिक्षकांना आणि अभ्यासगटांना तिथे अनेक वर्षे लिहिलेली पाने ठरलेल्या मुदतीत उतरवून घ्यावी लागली. काही वेळा जागा सोडण्याचे कारण मतभेद असते. विकिट्रॅव्हल हा प्रवासमाहितीचा विकी २००६ मध्ये एका कंपनीने विकत घेतल्यानंतर तिथल्या जर्मन संपादकांनी त्याच वर्षी विकिव्हॉयेज सुरू केले आणि मजकूर मुक्त परवान्याखाली असल्यामुळे तो सोबत नेणे त्यांना शक्य झाले. म्हणून सर्वप्रथम परवाना वाचावा. सीसी बाय-एसए या मुक्त परवान्यात मूळ लेखकांना श्रेय देणे बंधनकारक असते आणि विकीवर ते श्रेय पानाच्या इतिहासात साठलेले असते. केवळ शेवटची आवृत्ती नकलून नेली, तर मजकूर वाचतो पण तो कोणी लिहिला हे हरवते.

नवा विकी मीडियाविकी या विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभारणार आहात आणि जुनाही त्यावरच आहे, असे येथे धरले आहे. सर्व्हर हाताशी असल्यास देखभालीच्या स्क्रिप्टने सर्व आवृत्त्यांसह पानांचा मजकूर साठवणारी एक्सएमएल फाइल काढावी. नसल्यास निर्यातीच्या विशेष पानावरून वर्गवार पाने उतरवावीत आणि साचे (अनेक पानांत वापरले जाणारे तयार तुकडे) सोबत घेण्याचा पर्याय निवडायला विसरू नये. या फाइलमध्ये चित्रे नसतात, सदस्यांची खाती आणि पासवर्डही नसतात. चित्रांचा फोल्डर वेगळा उतरवावा लागतो, आणि सदस्यांना नवी खाती उघडावी लागतील हे त्यांना आधीच कळवलेले बरे.

आयात करण्यापूर्वी नव्या विकीची भाषा मराठी ठेवावी. ती इंग्रजी राहिली, तर मजकुरातली [[वर्ग:किल्ले]] ही ओळ पान वर्गात टाकण्याऐवजी पानावर साध्या दुव्यासारखी उमटते. त्याचबरोबर जुन्या जागी कोणती विस्तारके (जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम) चालू होती याची यादी करून ती बसवावीत, कारण त्यांच्याविना माहितीचौकटीच्या जागी महिरपी कंसांचा ढीग दिसतो.

मग चाचणी. सगळा विकी एकदम न ओतता वीसेक पाने घ्यावीत: एक लांबलचक, एक चित्रांनी भरलेले, एक तक्ता असलेले, एक वादग्रस्त चर्चापान. ती आयात करून लाल दुवे, म्हणजे विकीला न सापडणाऱ्या पानांचे दुवे, शोधावेत. मराठीत येथे एक खास खोच आहे. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या र ला हलंत देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, विकीला मात्र ती दोन वेगळी शीर्षके वाटतात. त्यामुळे पान जागेवर असूनही दुवा लाल राहतो. एक रूप प्रमाण ठरवून दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन (वाचकाला आपोआप योग्य पानाकडे नेणारी सोय) द्यावे. लांब शीर्षकेही तपासावीत, कारण शीर्षकाची मर्यादा २५५ बाइट असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलंतसुद्धा, ३ बाइट घेते. म्हणजे सुमारे ८५ चिन्हांत सगळे बसवायचे.

चाचणी पटली की प्रत्यक्ष स्थलांतराचा दिवस जाहीर करावा, त्या दिवशी जुना विकी केवळ वाचनासाठी ठेवावा आणि मगच अंतिम निर्यात काढावी. अन्यथा निर्यात झाल्यानंतर कोणी दुपारभर बसून केलेली भर मागे राहते, आणि त्या माणसाची समजूत घालणे तांत्रिक कामापेक्षा अवघड असते. आयातीनंतर दुव्यांची आणि आकडेवारीची सारणी पुन्हा तयार करणाऱ्या स्क्रिप्ट चालवाव्यात.

जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे कायमचे पुनर्निर्देशन देता आले तर उत्तम. ती सोय नसेल, तर संपादन बंद करण्यापूर्वीच प्रत्येक जुन्या पानाच्या पहिल्या ओळीत नवा पत्ता लिहावा. हे काम सांगकाम्याकडे (आपोआप संपादने करणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवता येते, पण त्याची पहिली दहा पाने स्वतः उघडून पाहावीत.