नडग्यांची खाज गेली, पण संत्र्याने नव्हे

दर डिसेंबरात माझ्या नडग्या खवल्यांसारख्या पांढऱ्या पडायच्या. नागपूरची थंडी कोरडी. पारा १० अंशांकडे उतरला की मी गिझरच्या कढत पाण्याने वीस-वीस मिनिटं अंघोळ करायचो, वरून साबण घासायचो. खाज सुटली की आणखी गरम पाणी! चूक तिथेच होती. कढत पाणी आणि साबण त्वचेवरचा तेलकट थर धुऊन नेतात, मग आतला ओलावा टिकत नाही.

आता कोमट पाणी, पाच-सात मिनिटं, साबण काखेत, जांघेत आणि तळपायांना. अंग टिपायचं, आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावायची. दोन आठवड्यांत खाज थांबली.

खाण्यात जवसाची चटणी परत आणली. आई म्हणाली, "घरात जवस असताना गोळ्या कायले घेतं रे?" जवसात ओमेगा-३ (शरीराला लागणारी एक चांगली चरबी) असतं, पण अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात, भाजून कुटायचे. संत्री रोज दोन, क जीवनसत्त्व कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, बनायला लागतं म्हणून. साल मात्र चेहऱ्यावर घासू नका. मी घासली, आणि दोन दिवस लाल तोंड घेऊन सीताबर्डीत फिरलो.