कुत्र्याच्या गोचिडीवर औषध वापरताना घ्यायची काळजी

कोकणात गोचीड हा एका हंगामापुरता त्रास नाही. हवा बाराही महिने उबदार आणि दमट, घराभोवती गडगे, गवत आणि पालापाचोळा, बाजूला गोठा, आणि कुत्रा दिवसभर बागेत मोकळा. अशा घरी त्याच्या कानाच्या पाळीत किंवा बोटांच्या बेचक्यांत गोचीड सापडली नाही असा आठवडा क्वचितच जातो. तिचा बंदोबस्त करावाच लागतो, कारण कुत्र्यांवर वाढणारी तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया यांसारखे रक्ताचे आजार पसरवते आणि त्यांत ताप, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, कधी नाकातून रक्तस्राव अशी लक्षणे दिसून कुत्रा दगावूही शकतो. त्यामुळे औषध टाळावे असे मी म्हणत नाही. मात्र गोचीड मारणारे प्रत्येक औषध हे एक कीटकनाशक असते, आणि ते ज्या प्राण्यासाठी बनवले आहे त्यालाच, त्याच्या वजनाच्या मापाने दिले तरच ते औषध राहते, ही गोष्ट मनात पक्की ठेवून पुढची पावले टाकावीत.

सर्वांत आधी बागेतील फवारणीचे औषध कुत्र्यापासून दूर ठेवावे. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांसाठी घरोघरी फवारणीचा पंप बाहेर निघतो, आणि टाकीच्या तळाशी उरलेले दोन तांबे पाणी कुत्र्याच्या पाठीवर ओतण्याचा मोह होतो. “आंब्यावरची कीड मरते, मग गोचीड का नाही मरणार?” हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. गोचीड मरतेही, परंतु शेतीच्या औषधाचे माप झाडासाठी ठरवलेले असते. त्यातील द्रावक कातडीसाठी तपासलेले नसतात, आणि कुत्रा अंग चाटून ते पोटातही घेतो. डायमेथोएट किंवा क्लोरपायरिफॉससारख्या ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषधाने विषबाधा झाली तर तोंडातून सतत लाळ गळते, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरते आणि श्वास अडकतो. गुरांच्या अंगावर लावायच्या औषधाबाबतही हीच सावधगिरी हवी. ॲमिट्राझचे द्रावण कुत्र्यांसाठीही वापरतात, पण गुरांसाठी कालवलेले उरले म्हणून वापरू नये. त्याचे कुत्र्यासाठीचे प्रमाण पशुवैद्यांकडून लिहून घ्यावे, प्रत्येक वेळी ताजे कालवावे, आणि लहान पिल्लांना किंवा मधुमेह असलेल्या कुत्र्याला ते लावू नये. या औषधाने कुत्रा गुंगतो, त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि अंग गार पडते. आंघोळीनंतर दमून झोपला असेल, असे समजून घरचे निर्धास्त राहतात, आणि उपचाराची वेळ निघून जाते.

घरगुती उपाय निरुपद्रवी असतात ही समजूतही तपासून पाहावी. खोबरेल तेलात कापूर विरघळवून अंगाला चोळणे आपल्याकडे अगदी सहज घडते, कारण दोन्ही वस्तू घरात असतात. परंतु कापूर कातडीतून शोषला जातो, चाटल्याने पोटात जातो आणि त्याने झटके येऊ शकतात. तंबाखूच्या पाण्यात निकोटीन असते, रॉकेलने कातडी भाजते, आणि सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते.

घरात मांजर असेल तर, आणि कोकणात बहुतेक घरी असतेच, कुत्र्याच्या औषधाच्या वेष्टनावरील घटकांची नावे वाचल्याशिवाय ते घरी आणू नये. पर्मेथ्रिन हा घटक कुत्रा सहन करतो, कारण त्याचे यकृत तो निकामी करून बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात त्या कामाची क्षमता फार कमी असते, म्हणून कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थोडे थेंबही मांजराला कंप, झटके आणि मृत्यूपर्यंत नेऊ शकतात. मांजराला ते मुद्दाम लावावे लागते असेही नाही. रात्री पडवीतल्या गोणपाटावर दोघे एकमेकांना चिकटून झोपतात, मांजर कुत्र्याची मान चाटते, आणि तेवढ्याने विषबाधा होते. अशा घरात पर्मेथ्रिन नसलेले औषध मागून घ्यावे. ते आधीच लावले गेले असेल तर थेंब पूर्ण सुकेपर्यंत, शक्य असल्यास दोन-तीन दिवस, दोघांना वेगळे ठेवावे. फिप्रोनिलचे कुत्र्यांसाठी व मांजरांसाठी वेगवेगळे थेंब मिळतात, पण घरात ससा पाळलेला असेल तर फिप्रोनिल त्याच्यासाठी घातक आहे.

गोचिडीसाठी आयव्हरमेक्टिन या जंतनाशक औषधाचे इंजेक्शन टोचून घेण्याची पद्धत खेड्यांत आहे, आणि तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त चिंता वाटते. गुरांसाठीच्या १ टक्का इंजेक्शनच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते आणि ते ५० किलो वजनाच्या जनावराचे माप आहे. हृदयातील जंत टाळण्यासाठी कुत्र्याला हेच औषध दर किलोमागे ६ मायक्रोग्रॅम देतात, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ६० मायक्रोग्रॅम. त्या मापाशी तुलना केली तर त्या एका मिलिलिटरमध्ये दीडशे पटींहून अधिक औषध भरते. शिवाय कोली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींतील अनेक कुत्र्यांमध्ये एमडीआर१ या जनुकात दोष असतो, त्यामुळे औषध मेंदूत शिरते आणि कुत्रा आंधळा, लटपटता किंवा बेशुद्ध होतो. शहरातून आणलेल्या मिश्र जातीच्या कुत्र्यात हे रक्त आहे की नाही, हे दिसण्यावरून नेहमी सांगता येत नाही. कुत्र्यासाठी याहून सुरक्षित पर्याय उपलब्ध असताना हे इंजेक्शन गोचिडीसाठी मागून घेऊ नये.

वजन हा पुढचा प्रश्न आहे, आणि तो सोपा आहे. साध्या काट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग कुत्र्याला उचलून उभे राहावे, आणि वजाबाकी करावी. फार मोठा कुत्रा असेल तर गावातील भाताच्या वखारीचा काटा कामी येतो. थेंबांच्या नळ्या आणि गोळ्या वजनाच्या गटांनुसार मिळतात, उदाहरणार्थ अफॉक्सोलेनरची गोळी २ ते ४, ४ ते १०, १० ते २५ आणि २५ ते ५० किलो अशा गटांत असते. मोठ्या कुत्र्याची नळी दोन लहान कुत्र्यांत वाटून पैसे वाचवू नयेत, कारण अंदाजाने टाकलेला भाग एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त जातो. पिल्लांसाठी वयाची मर्यादा प्रत्येक औषधाची वेगळी असते. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी पशुवैद्यांना विचारल्याशिवाय काहीही वापरू नये.

चावून खायच्या या गोळ्या, म्हणजे अफॉक्सोलेनर, फ्लुरालेनर, सॅरोलेनर आणि लोटिलेनर, सोयीच्या आहेत. पावसात धुऊन जात नाहीत आणि मांजराला चाटण्यासारखे अंगावर काही राहत नाही. परंतु अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये या गटाबद्दल सूचना काढली, की काही कुत्र्यांना स्नायूंचा कंप, चालताना तोल जाणे आणि झटके येऊ शकतात. बहुतेक कुत्र्यांसाठी या गोळ्या सुरक्षित असल्याचेही त्याच प्रशासनाने सांगितले आहे. ज्या कुत्र्याला पूर्वी कधीही फेफरे आले असेल, त्याच्या मालकाने मात्र ही गोष्ट गोळी घेण्याआधी पशुवैद्यांना आवर्जून सांगावी. फ्लुरालेनरची एक गोळी साधारण १२ आठवडे काम करते, म्हणजेच ती सोसली नाही तर शरीरातून लवकर काढूनही टाकता येत नाही.

पावसाळ्यात एक वेगळी चूक होते. कुत्रा सतत भिजत असतो, लावलेले औषध वाहून गेले असे वाटते, म्हणून आठ दिवसांनी पुन्हा थेंब, वर पावडर, शिवाय गळपट्टा असा थर चढत जातो. एका वेळी एकच औषध ठेवावे आणि पुन्हा लावण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. फिप्रोनिलचे थेंब कोरड्या अंगावर, दोन खांद्यांच्या मध्ये केस बाजूला करून थेट कातडीवर टाकावेत, आणि आधी व नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये. जखमेवर किंवा खाजवून सोललेल्या जागी काहीही लावू नये. औषध लावलेल्या कुत्र्याला व्हाळात किंवा विहिरीजवळ धुऊ नये, कारण पर्मेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातील औषधे मासे आणि कुर्ल्यांना अत्यल्प प्रमाणातही मारतात.

गोचिडी मोजक्या असतील तर चिमट्याने काढणे सर्वांत उत्तम. कातडीला लागून पकडावी, सरळ वर ओढावी, आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावी. काडीने जाळू नये, नखाखाली चिरडू नये. दोडामार्ग आणि सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो ताप पसरवणारी गोचीड रानातली, वेगळ्या जातीची असते, पण साध्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, म्हणून रानातून आलेल्या कुत्र्याला हातमोजे घालूनच तपासावे. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरून चिऱ्यांच्या भिंतीच्या सापटीत हजारो अंडी घालते, त्यामुळे दर महिन्याला कुत्र्यावरच औषध वाढवत नेण्यापेक्षा त्या सापटी सिमेंटने बुजवणे आणि त्याचे गोणपाट उकळत्या पाण्यात धुणे अधिक उपयोगाचे ठरते.

औषध लावल्यावर किंवा दिल्यावर पहिला दिवस कुत्र्याला नजरेसमोर बांधावे, आणि म्हणून औषध सकाळी, दवाखाना उघडा असण्याच्या वारी द्यावे. लाळ, कंप, लटपट किंवा असाधारण गुंगी दिसली तर अंगावर लावलेले औषध भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने लगेच धुवावे. हे करताना स्वतः हातमोजे घालावेत. झटके येत असतील तर धुण्यात वेळ घालवू नये. दूध, तूप किंवा मिठाचे पाणी तोंडात ओतू नये, उलटी करवू नये, कारण बेशुद्ध होत असलेल्या जनावराच्या फुप्फुसात ते जाते. कुत्र्याला फडक्यात गुंडाळावे, तालुक्याच्या पशुवैद्यांना निघण्याआधीच फोन करावा, आणि औषधाची बाटली किंवा फाटलेले वेष्टन, किती दिले आणि किती वाजता दिले याची चिठ्ठी बरोबर न्यावी. ऑरगॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन लागते आणि ॲमिट्राझवर वेगळे औषध, त्यामुळे डॉक्टर पहिला प्रश्न त्या बाटलीबद्दलच विचारतील.